रंभाबाईंचा रिव्हर्स

ताडपत्रीला तीन भोकं. त्यातलं एक बरोबर सीटवर.

रविवारी सकाळी लवासाकडं निघालेल्या गाड्या पिरंगुटला एकमेकींना चिकटतात, त्या दुपारपर्यंत सुटत नाहीत.

डावीकडं न्यायचं असेल तर उजवीकडं वळव.

भेंडी तव्याला लागली की वास आधी जिन्यात जातो, मग घरात येतो.

चप्पल पायात आहे तोवर माणूस आलेला नसतो.

चौदा-एक.

*

आता नीट सांगायचं.

माणमध्ये, आयटी पार्कच्या मागच्या भिंतीला खेटून, नथूआप्पांची तीन मजली बिल्डिंग आहे. वर अठरा खोल्या, खाली घर, घरापुढं पार्किंग. खोल्यांत परभणी, जळगाव, सांगोला, चिपळूण अशी कुठली कुठली पोरंपोरी भाड्यानं राहतात आणि सकाळी गळ्यात पट्टे अडकवून कामावर जातात. पार्किंगमध्ये त्यांच्या दुचाक्या, दोन-तीन चारचाक्या, आणि बरोब्बर मधोमध, मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखा, एक लाल ट्रॅक्टर. मागं ट्रॉली. दोघांना मिळून एक निळी ताडपत्री.

ट्रॅक्टर रंभाबाईंचा. कागदावर तो नथूआप्पांचा आहे, पण नथूआप्पा पिरंगुटच्या कंपनीत तीन पाळ्यांत कामाला होते आणि त्यांना साध्या सायकलवरसुद्धा भोवळ यायची. त्यामुळं नांगरट, भातखाचरांची चिखलणी, शेणखत, पेंढा, आणि वेळ पडली तर लग्नाचं वऱ्हाडही, सगळं रंभाबाईंनीच ओढलं. नथूआप्पा मागं ट्रॉलीत बसायचे, डोळे मिटून.

जमीन पार्कात गेली त्याला आठ वर्षं झाली. ट्रॅक्टर राहिला. दर सोमवारी सकाळी सातला रंभाबाई ताडपत्रीचं टोक उचलून आत शिरतात, सीट पदरानं पुसतात आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. हलवत नाहीत. नुसतं चालू. अठरा खोल्यांतल्या कुणालाही सोमवारचा गजर लावावा लागत नाही.

त्यांचा मुलगा राजू, वय एकतीस, खोल्यांचं सगळं बघतो. पाण्याचा टँकर, वायफाय, दोन रूममेटमधलं दुधाच्या पिशवीवरचं भांडण. कामाचा पोरगा. त्याचा एकच नाद म्हणजे शनिवार-रविवारी हॉलमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर गाड्यांचा फुटबॉल.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मैदान आहे, दोन बाजूंना दोन गोल आहेत, फक्त माणसांच्या जागी गाड्या आहेत. गाड्यांच्या मागून जाळ निघतो. त्या उड्या मारतात, भिंतीवर चढतात, हवेत कोलांट्या घेतात आणि आपल्यापेक्षा मोठा चेंडू नाकानं, टपानं, बुडानं ढकलत गोलात घालतात. पाच मिनिटांचा डाव. समोर शेजारी बसलेला असो की ब्राझीलमधला कुणी. रंभाबाई त्याला गाडीबॉल म्हणायच्या आणि राजू जिंकला की हरला हे स्वयंपाकघरातून, त्याच्या सोफ्याच्या करकरीवरून ओळखायच्या.

*

मे महिन्यातला रविवार. हॉलमध्ये राजू, दुसऱ्या मजल्यावरचा जळगावचा सौरभ आणि २०४ मधली परभणीची गौतमी. सौरभ आणि राजू खेळत होते, गौतमी चुका काढत होती. तिचा पगारच चुका काढायचा आहे. ती टेस्टर आहे.

रंभाबाई दारात बसून लसूण सोलत होत्या.

"आये," राजू टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "कोळवणच्या नरहरीतात्याला सांगितलंय. पुढच्या रविवारी येतोय न्यायला."

"काय न्यायला?"

"ट्रॅक्टर."

लसूण सोलायचा थांबला नाही. घरच्यांना ठाऊक होतं, हे लक्षण चांगलं नव्हे.

"मला इचारलंस?"

"आगं, दोन गाड्यांची जागा खातोय त्यो. जागा न्हाई म्हणून परवा दोघं जन भुकूमला खोली बगाया गेले. तात्याला चिखलणीला पायजेल हाय, त्याच्या कामाला तरी यील. आन तुला आता कुटं चालवायचाय? आठ वर्सं झाली. हात गेला आसल तुजा."

आता लसूण थांबला.

जागेचं खरं होतं. नथूआप्पांच्या चुलतभावाचं, नरहरीचं, खरं होतं. पण हात गेला असेल, हे राजूनं म्हणायला नको होतं. कारण गेले वर्षभर, सोमवारी त्या सीटवर बसल्या की, रंभाबाईंना स्वतःलाच ते वाटत होतं. मागच्या वर्षी त्या बहिणीकडं गेल्या असताना राजूनं एक ड्रायव्हर बोलावून ट्रॅक्टर बिल्डिंगमागच्या बोळात लावून बघितला होता. ट्रॉली आडवी झाली, टाकीचा पाइप फुटला, दोन दिवस बिल्डिंगला पाणी नव्हतं. परत आल्यावर रंभाबाई नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. मी असते तर घातला असता, असं त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. ते का आलं नाही, हेच त्यांना टोचत होतं.

त्यांनी हात पदराला पुसले, आत आल्या आणि सौरभपुढं हात केला. "दे रं त्यो रिमोट."

"काकू, हा रिमोट नाही, कंट्रोलर."

"त्येच."

गौतमीनं सरकून जागा दिली. उजव्या बोटाखाली पुढं, डाव्या बोटाखाली मागं, अंगठ्याखाली स्टेरिंग. एवढं कळायला रंभाबाईंना अर्धं मिनिट पुरलं. गाडी पुढं गेली. चेंडूला धडकली. सौरभनं टाळ्या वाजवल्या. चेंडू त्यांच्याच गोलापाशी येऊन घुटमळला. त्याच्या पाठीमागं जाऊन बाहेर ढकलावं म्हणून त्यांनी गाडी मागं घेतली, आणि गाडी भलतीकडंच गेली. जिकडं त्यांना जायचं होतं त्याच्या बरोबर उलट. बूड चेंडूला लागलं. चेंडू गोलात. स्वतःच्या.

मोठा बार उडाला. पडद्यावर ठिणग्या.

सौरभ सोफ्यावरून खाली घसरला. गौतमीनं तोंडावर उशी धरली. राजू इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्या ठसक्यातच तो बोलून गेला.

"आये. तू मला येक गोल घाल. येकच. तात्या घरात यायच्या आत. घातलास तर ट्रॅक्टर हितंच ऱ्हाईल. शब्द हाय माजा."

"आन जागंचं?"

"जागंचं मी बगीन."

कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं. वर नथूआप्पांचा चष्मा दिसला.

"आयकलं मी," नथूआप्पा म्हणाले, आणि वर्तमानपत्र परत वर गेलं.

*

सोमवारी दहा मिनिटं इंजिन. मग भाकरी. मग दुपारी दोनला २०४ चं दार.

"गौतमी, तू आज घरूनच काम करतीयास नव्हं?"

"हो काकू."

"मग चल खाली. राजू टँकरवाल्याकडं गेलाय."

गौतमीनं मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद केला, लॅपटॉप काखेत मारला आणि खाली आली. पुढचे चार दिवस तिच्या कंपनीतल्या लोकांना वाटत राहिलं की ती फार मन लावून ऐकते आहे.

पुढं जायला रंभाबाई झटकन शिकल्या. वळण घेणं, भिंतीवर चढणं, जाळ सोडून पळणं, सगळं. उडी त्यांना पटली नाही. "गाडीनं चाकं उचलायची न्हाईत," एवढं म्हणून त्यांनी ते बटण आयुष्यातून काढून टाकलं. पण मागं घेताना दर वेळी तेच. डावीकडं जायचं म्हणून अंगठा उजवीकडं. उजवीकडं जायचं म्हणून डावीकडं.

"काकू, मागं जाताना डावीकडं जायचं तर डावीकडंच फिरवायचं."

"ट्रॉलीला उलटं आसतं."

"पण याला ट्रॉली नाही."

"म्हाईत हाय मला. अंगठ्याला म्हाईत न्हाई."

हे खरं होतं. वीस वर्षं ट्रॉली मागं घेतलेल्या माणसाचा हात दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की मागं घेताना सगळं उलटं होतं. ट्रॉलीचं शेपूट डावीकडं जायला हवं असेल तर ट्रॅक्टर आधी उजवीकडं वळवायचा, आणि ती तिकडं निघाली की तिच्या मागोमाग हळूच जायचं. हे सांगून येत नाही. येतं तेव्हा जातही नाही. इथं मात्र मागं ट्रॉली नव्हती, आणि रंभाबाईंची गाडी मैदानभर येड्यासारखी गोल फिरत होती.

मंगळवार तसाच गेला. बुधवारीही. बुधवारी संध्याकाळी नथूआप्पांनी बायकोला चहा करून दिला, आणि ती कप विसरून अंगठ्याकडं बघत बसली म्हणून तिचा अर्धा चहाही स्वतःच प्याले.

गुरुवारी चेंडू भिंतीला लागून परत आला आणि रंभाबाईंच्या गाडीच्या मागं येऊन टेकला. त्या मागंच घेत होत्या. नेहमीसारखं उलटं वळवलं.

चेंडू निसटला नाही.

त्यांनी आणखी मागं घेतलं. चेंडू डावीकडं कलू लागला. अंगठा आपसूक त्याच्या मागोमाग गेला. चेंडू सरळ झाला. गाडी बुडानं चेंडू ढकलत मागं मागं चालली, अर्धं मैदान, पाऊण मैदान, आणि रंभाबाई मान किंचित तिरकी करून, बांधावर बसून खाचराच्या कडेकडं बघावं तशा बघत होत्या. या खेळात पडदा चेंडूकडं तोंड करून असतो, गाडीचं तोंड कुठंही असो. म्हणजे मान वळवून मागं बघितल्यासारखंच. चेंडू कुठल्याही आचक्याशिवाय समोरच्या गोलात गेला.

लॅपटॉपमधून कुणीतरी गौतमीला तिचं मत विचारत होतं.

"ह्यो चेंडू न्हाई," रंभाबाई म्हणाल्या. "ही ट्रॉली हाय."

गौतमीला राहवलं नाही. कंपनीत जसं लिहायची सवय, तसंच तिनं लिहून काढलं आणि त्या संध्याकाळी २०४ च्या दाराला आतून चिकटवलं:

*नोंद क्र. १. ठिकाण: तळमजला, हॉल.*
*पायऱ्या: चेंडू गाडीमागं येऊ द्यावा. गाडी मागं घ्यावी. स्टेरिंग चुकीच्या बाजूला वळवावं.*
*अपेक्षित: चेंडू निसटतो.*
*प्रत्यक्षात: चेंडू निसटत नाही. अकरा वेळा करून पाहिलं. मला स्वतःला एकदाही जमलं नाही.*
*गांभीर्य: राजूदादासाठी फार.*
*दुरुस्ती: करू नये.*

*

रविवार. दहा वाजता राजूनं दोन कंट्रोलर टीपॉयवर ठेवले. पडद्याचे दोन भाग केले. वरच्या भागात राजूची निळी गाडी, खालच्या भागात रंभाबाईंची. गौतमीनं ती लाल रंगवून दिली होती. जिन्यात सहा-सात भाडेकरू टेकून उभे. सौरभ सोफ्याच्या हातावर. ट्रॅक्टरच्या चाकांत हवा राजूनंच आदल्या दिवशी भरून ठेवली होती, तात्यासाठी.

रंभाबाईंनी तव्यावर भेंडी टाकली, गॅस बारीक केला आणि येऊन बसल्या.

"तात्या कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"भुकूमला लेकीकडं ऱ्हायलावता. नवाला निघालाय. यील आता."

पहिला डाव लिहिण्यासारखा नाही. अकरा-शून्य. चेंडू मागं यायलाच हवा होता आणि राजू तो येऊच देत नव्हता. शिटी वाजली की निळी गाडी जाळ सोडून यायची, चेंडू उडवायची आणि गोल. पुन्हा शिटी, पुन्हा गोल. राजू मुद्दाम काही करत नव्हता. तो फक्त चांगला खेळत होता, आणि त्याचा रंभाबाईंना, एवढ्यातसुद्धा, थोडा अभिमान वाटला.

राजूचा फोन वाजला. त्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आरं, पिरंगुटला अडकलोय," नरहरीतात्यांचा आवाज. "फुडं लवासावाले, मागं लवासावाले. यका गाडीत कुत्रं हाय, त्याला गॉगल घातलाय."

"किती येळ लागंल?"

"कुत्र्याला इचारतो."

नथूआप्पांचं वर्तमानपत्र हललं. "आजून तीन डाव बसत्यात," ते आतून म्हणाले. दोन बसले, तेही पहिल्यासारखेच गेले. मग तिसरा.

*

५:००

शिटी. निळी गाडी सुटली. या वेळी रंभाबाई पुढं गेल्याच नाहीत. त्यांनी गाडी आपल्या कोपऱ्यात नेली आणि मैदानाकडं पाठ करून उभी केली.

"काकू रुसल्या," सौरभ म्हणाला.

गोल. एक-शून्य.

४:१०

पाच-शून्य. गाडी तिथंच, पाठ करून. राजूनं एकदा आईकडं बघितलं. "आये, खेळतीयास ना?"

"तू खेळ तुजं."

३:२५

सात-शून्य. जिन्यातले दोघं नाष्ट्याला गेले. गौतमी नखं खात होती. डाव चालू असताना तिनं शिकवायचं नाही, असा राजूचा नियम होता.

२:५०

फाटक वाजलं. मोटारसायकल थांबली. पावलं. आणि उंबऱ्यात नरहरीतात्या, टोपी घामानं ओली, हातात कोळवणच्या आंब्यांची पिशवी.

राजूनं डाव थांबवला. "झालं. तात्या आला. आये, संपलं गं."

रंभाबाईंनी रिमोट खाली ठेवला नाही, पण बोटं सैल झाली.

नरहरीतात्यांनी टीव्हीकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, जिन्यातल्या पोरांकडं बघितलं. "काय संपलं?"

गौतमीनं एका दमात सांगितलं. गोल, ट्रॅक्टर, घरात यायच्या आत, सगळं.

नरहरीतात्यांनी खाली बघितलं. उजवा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. त्यांनी तो उचलून बाहेर घेतला.

"मी कुटं आलोय?" ते म्हणाले. "चप्पल पायात हाय माज्या. चप्पल काढल्याबगर मानूस कुनाच्या घरात येतोय व्हय? चालू द्या."

"तात्या, तुला ट्रॅक्टर पायजेल ना?" राजू.

"पायजेल हाय की. पन ह्ये बगायचंय आदी."

"शब्द शब्द आसतोय," वर्तमानपत्र म्हणालं.

२:४९

आता राजूला बघायला एक नवा माणूस मिळाला होता, आणि तिथंच त्याचं चुकलं. त्यानं साधे गोल मारायचं सोडून कसरती सुरू केल्या. निळी गाडी भिंतीवर चढली, छतापर्यंत गेली, उलटी झाली. तात्या "आरं आरं" म्हणाले. आठ-शून्य. नऊ-शून्य.

२:०४

स्वयंपाकघरातून वास आला. तो आधी जिन्यात गेला होता, जिन्यातल्या एकीनं खाली वाकून सांगितलं, "काकू, काहीतरी जळतंय."

रंभाबाईंना तो केव्हाच आला होता. त्या उठल्या नाहीत.

१:५१

निळी गाडी परत भिंतीवरून सुटली, हवेत तीन कोलांट्या घेतल्या, आणि चेंडूच्या बोटभर खालून निघून गेली. तोंडावर आपटली, टपावर उलटी पडली आणि चाकं हलवत राहिली. चेंडू टप्पे खात, दम टाकत कोपऱ्याकडं आला आणि पाठ करून उभ्या असलेल्या लाल गाडीच्या बुडाला येऊन टेकला.

रंभाबाईंनी डावं बोट दाबलं. अगदी हलकं. पहिल्यांदा क्लच सोडताना सोडतात तसं.

लाल गाडी मागं निघाली.

चेंडू उजवीकडं कलला. अंगठा मागोमाग. सरळ. डावीकडं. मागोमाग. सरळ. हॉलमध्ये फक्त तव्यावरच्या भेंडीचा चरचराट. राजूची गाडी सरळ झाली, वळली, जाळ सोडत पाठलागाला लागली. ती उजवीकडून येतेय हे रंभाबाईंना दिसलं, आणि दिसलं म्हणून त्यांनी काहीही वेगळं केलं नाही. फक्त चेंडू डावीकडं घ्यायला उजवीकडं वळवलं. राजूनं धडक मारली ती मोकळ्या हवेला. चेंडू तिथं नव्हता. तो आधीच शेपटासारखा दुसऱ्या बाजूला वळला होता आणि लाल गाडी त्याच्या मागोमाग, न घाबरता, बांधाच्या कडेनं खाचरात उतरावी तशी उतरत होती.

१:३७

बार. ठिणग्या. नऊ-एक.

आवाज इतका झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या झोपलेल्या माणसानं गॅलरीत येऊन विचारलं, मॅच आहे का आज. सौरभ गौतमीचे दोन्ही हात धरून नाचत होता. नरहरीतात्यांनी आंब्याची पिशवी डोक्यावर धरली होती. नथूआप्पांचं वर्तमानपत्र जमिनीवर पडलं होतं, आणि ते, ज्यांनी वीस वर्षं ट्रॉलीत डोळे मिटून प्रवास केला, ते डोळे सताड उघडे ठेवून बायकोकडं बघत होते.

"आशी घ्यायचीस व्हय तू?" ते म्हणाले. "मी कदी बगितलंच न्हाई."

रंभाबाईंनी रिमोट टीपॉयवर ठेवला, पदर खोचला आणि भेंडी बघायला गेल्या. घड्याळ चालूच होतं. राजूला काय करावं सुचेना, म्हणून तो खेळत राहिला. रिकाम्या गोलात एक, दोन, तीन, चार, पाच.

"मार, मार," नथूआप्पा म्हणाले. "मोकळ्या घरात कुनीबी घुसतंय."

०:००

चौदा-एक.

"आता काढू का चप्पल?" उंबऱ्यातून नरहरीतात्यांनी विचारलं.

*

भेंडीची खालची बाजू काळी झाली होती. ती वरची समजून सगळ्यांनी खाल्ली. भाकरी, आंब्याच्या फोडी, चहा.

"वहिनी, म्हंजे मी मोकळाच जाऊ?" तात्यांनी विचारलं.

"तुजी चिखलणी कदी?"

"मिरग लागला की."

"मी यीन. ट्रॅक्टर माजा, हात माजा. तू फकस्त बांधावर हुबं ऱ्हाऊन शानपना शिकवायचा न्हाई."

"आन आमचा बाजूचा शिवा? त्याचीबी तीन खाचरं हायेत."

"त्याचीबी."

तात्यांनी डोक्यात काहीतरी आकडेमोड केली आणि आणखी भाकरी मागितली. ट्रॅक्टर न्यायला आलेला माणूस ट्रॅक्टरसकट चालक ठरवून बसला होता; त्याचं काही बुडालं नव्हतं.

राजू भाकरी मोडत होता. मग म्हणाला, "आये, जागंचं मात्र आवघड हाय. बोळात जात न्हाई त्यो. मागच्या वक्ताला बगितलं नव्हं."

"जागंचं तू बगनार हुतास."

"व्हय. पन कसं?"

रंभाबाईंनी हात धुतले. "चल. मागं हुबा ऱ्हा आन सांग."

ताडपत्री निघाली. रंभाबाई सीटवर बसल्या. सोमवार नव्हता, तरी इंजिन सुरू झालं, आणि अठरा खोल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. बोळ आठ फुटांचा, ट्रॉली साडेसहा, आणि मध्ये टाकीचा तोच पाइप, नवा घातलेला. राजू बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. दोन्ही हात वर. "यिऊ दे. यिऊ दे."

रंभाबाईंनी मान वळवली. पाठीमागचं सगळं चौकटीत बसलं. ट्रॉली, पाइप, भिंत, पोरगा. अंगठ्याऐवजी आता दोन्ही तळहात होते, पण काम तेच होतं. डावीकडं न्यायचं, म्हणून उजवीकडं.

"उजवीकडं," दुसऱ्या मजल्यावर गौतमी स्वतःशीच पुटपुटली.

ट्रॉलीचं शेपूट डावीकडं निघालं. मागोमाग. सरळ. राजू एक पाऊल मागं, दोन पावलं मागं, "यिऊ दे, यिऊ दे, यिऊ दे," आणि मग त्याला काही सांगायचं उरलंच नाही. तो नुसताच हात वर करून चालत राहिला, मिरवणुकीपुढं चालावं तसा. ट्रॉली पाइपाशेजारून गेली. ट्रॅक्टर गेला. इंजिन बंद.

राजूनं पाइप आणि ट्रॉली यांच्यामध्ये हात घालून बघितला.

"चार बोटं," त्यानं वर सगळ्यांना सांगितलं. आणि मग आईला, हळू आवाजात, "आये, परत येक डाव खेळू. चेंडू तसा मागं कसा धरायचा त्ये दाखव."

"आदी भांडी घास," रंभाबाई म्हणाल्या. "तवा तूच घासायचा. भेंडी तुज्यापायी जळली."

पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा मोकळी दिसत होती. मधोमध, आठ वर्षांचं, चार चाकांचं सुकं तेलकट निशाण. नरहरीतात्या त्यावर आपली मोटारसायकल लावून बघत होते, नुसतीच, बरी दिसते का म्हणून.

*

१९९८ च्या मार्चमध्ये ट्रॅक्टर घरी आला, त्या संध्याकाळी रंभाबाईंनी तो पहिल्यांदा मागं घेतला आणि गोठ्याची भिंत पाडली. गोठा रिकामा होता.